आधी माप, मग काम



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत संगणकाच्या आज्ञावलींवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. माझे शालेय शिक्षण अपुरे राहिले. जे वाचले ते पाळ्या सांभाळून, सार्वजनिक वाचनालयाच्या आधाराने वाचले. परंतु गेली तीस वर्षे कामगारांच्या पगारपावत्या तपासणे हे माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, आणि या तीस वर्षांत पगाराचा हिशेब कारकुनाच्या हातून निघून यंत्राच्या हाती गेलेला मी पाहिला आहे. पूर्वी पगारात खोट आली तर कामगार टाइम ऑफिसच्या खिडकीशी जाऊन विचारू शकत असे, आणि आतला माणूस वही उघडून दाखवीत असे. आता उत्तर मिळते ते असे, की सिस्टिममध्ये एवढेच दिसते आहे. मग सिस्टिम बरोबर आहे हे कोणी व कसे ठरविले? या प्रश्नाचा माग काढताना मला एका छोट्या पद्धतीचा इतिहास सापडला, तो आज आपल्यापुढे ठेवतो. ती पद्धत म्हणजे आज्ञावली लिहिण्यापूर्वी तिची परीक्षा लिहून ठेवणे. इंग्रजी नावाने तिला टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट म्हणतात, आणि त्या परीक्षेतल्या एकेका लहान चाचणीला युनिट टेस्ट.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. समजा, एका कामगाराचा आठ तासांचा रोज ८०० रुपये आहे, म्हणजे तासाला १०० रुपये. जादा कामाला दुप्पट दर ठरला आहे. आता यंत्राला काहीही शिकविण्यापूर्वी आपण कागदावर लिहू: जादा काम शून्य तास, तर मिळाले पाहिजेत ८०० रुपये. जादा काम दोन तास, तर १,२०० रुपये. जादा काम अर्धा तास, तर ९०० रुपये. रात्री साडेअकराला सुरू करून एक वाजता संपविलेले जादा काम दीड तासाचे, तर १,१०० रुपये. ही झाली चार मापे. उत्तरे आपण हाताने काढली आहेत, यंत्राला विचारून नव्हे. मग आज्ञावली लिहावयाची आणि या चारही प्रसंगांत तिचे उत्तर आपल्या उत्तराशी जुळते का, ते यंत्राकडूनच तपासून घ्यावयाचे. अर्धा तास ज्याने सोडून दिला त्याची आज्ञावली तिसऱ्या मापात अडकेल. मध्यरात्री तारीख बदलते हे जो विसरला त्याची चौथ्या मापात अडकेल, कारण तो एकातून साडेतेवीस वजा करून बसेल. चूक त्याच क्षणी, ती करणाऱ्याच्याच डोळ्यांसमोर येईल. महिनाअखेर कामगाराच्या पावतीत नव्हे.

आपल्या पिंपरी-चिंचवडच्या किंवा सातपूरच्या कारखान्यांतील टर्नरला यात नवे काही वाटणार नाही. भोक पाडल्यावर तो गो, नो-गो गेज घालून पाहतो. एक बाजू आत गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. आणि गेज आधी असते, माल नंतर होतो. ही साधी गोष्ट आज्ञावलीच्या धंद्यात रुजावयास सुमारे पन्नास वर्षे लागली, आणि रुजण्यापूर्वी ती एकदा सापडून हरवलीही होती. का हरवली, हाच माझ्या दृष्टीने या इतिहासातला मुख्य प्रश्न आहे.

आरंभ १९४९ सालचा. इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठात एडसॅक नावाचे यंत्र त्या वर्षी मे महिन्यात चालू झाले. त्याचे कर्ते मॉरिस विल्क्स. लवकरच विल्क्स यांनी एक गणिती आज्ञावली लिहिली. ती अवघी १२६ ओळींची होती, आणि तीत वीसच्या आसपास चुका निघाल्या. आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच आज्ञावलींतल्या चुका शोधण्यात जाणार, ही जाणीव आपल्याला त्या दिवसांत जिन्याच्या वळणावर झाली, असे त्यांनी पुढे आठवणींत लिहिले आहे. यंत्र बांधणाऱ्या पहिल्या पिढीतल्या थोर माणसाची ही गत होती. तेव्हा चूक होणे हा कोणाच्या आळसाचा वा अडाणीपणाचा पुरावा नव्हे, हे आपण सुरुवातीलाच मान्य केले पाहिजे.

त्याच वर्षी जून महिन्यात केंब्रिजला भरलेल्या परिषदेत ॲलन ट्यूरिंग यांनी एक लहानसा निबंध वाचला. मोठी आज्ञावली बरोबर आहे हे तपासावे कसे, हा त्याचा विषय. त्यांनी दृष्टांत दिला तो शाळेतल्या बेरजेचा. मोठ्या आकड्यांची एक लांबलचक बेरीज कोणी नुसती उत्तरासह पुढे ठेवली, तर तपासणाऱ्याला सगळी एका दमात पुन्हा करावी लागते. पण स्तंभागणिक बेरजा आणि हातचे लिहून दिले असतील, तर तपासणी तुकड्यातुकड्याने होते आणि तुकडे जुळले की सर्व जुळते. म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्यानेच वाटेवर ठिकठिकाणी स्पष्ट विधाने करून ठेवावीत, म्हणजे प्रत्येक विधान सुटेसुटे तपासता येईल, असे त्यांचे सांगणे होते. आजच्या युनिट टेस्टच्या मागचा विचार यात बीजरूपाने आहे.

पुढच्या दशकात हे यंत्र हिशेबाच्या कामाला लागले, आणि लागले तेही एका चहाच्या दुकानवाल्यांकडे. लंडनची जे. लायन्स ही कंपनी चहा-फराळाच्या दुकानांबद्दल प्रसिद्ध होती. तिने एडसॅकच्या धर्तीवर स्वतःचे लिओ नावाचे यंत्र बांधले आणि १९५१ साली त्यावर बेकरीचे हिशेब सुरू केले. १९५४ च्या आरंभी तिच्या कर्मचाऱ्यांचा पगारही लिओवर निघू लागला. अनुभवी कारकुनाला ज्या एका माणसाच्या पगाराला आठ मिनिटे लागत, तो लिओ दीड सेकंदात काढी. तेथे एकाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याने तपासल्याशिवाय यंत्रावर जात नसे. पगार चुकला तर दुसऱ्या दिवशी दुकानात चहा देणारी बाई जाब विचारील, हे त्या लोकांना पक्के ठाऊक होते.

अमेरिकेत १९५७ साली डॅनियल मॅक्रॅकन यांचे आज्ञावली-लेखनावरचे पाठ्यपुस्तक निघाले. त्यात सल्ला आहे, की तपासणीचे काम आज्ञावली लिहावयास घेण्यापूर्वीच सुरू करावे. हाताने गणित करून एक नमुना-उत्तर तयार ठेवावे आणि यंत्राचे उत्तर त्याच्याशी ताडावे. पुढे समानव अंतराळ-उड्डाणाच्या मर्क्युरी योजनेवर आज्ञावली लिहिणाऱ्या गटाने अर्ध्या अर्ध्या दिवसाचे लहान टप्पे पाडले, आणि प्रत्येक टप्प्याआधी त्याच्या चाचण्या लिहिल्या. म्हणजे ज्या पद्धतीला पुढे क्रांतिकारक म्हटले गेले, ती पहिल्या पिढीच्या कारागिरांच्या हातात होती. यंत्राचा तास महाग होता, गट लहान होते, आणि लिहिणारा तोच तपासणाराही होता.

मग ती गेली कोठे? श्रोतेहो, येथे आपल्या परिचयाची एक गोष्ट घडली. कामे फुगली, माणसे शेकड्यांनी लागू लागली आणि व्यवस्थापनाला जुनी युक्ती आठवली. फ्रेडरिक टेलर यांनी १९०३ साली कारखान्यासाठी जी योजना मांडली, तीत एका कामगारावर आठ प्रकारचे मुकादम नेमले होते, आणि त्यांतला एक केवळ तपासनीस होता. विचार करणारा वेगळा, करणारा वेगळा, तपासणारा वेगळा. सॉफ्टवेअरच्या धंद्यानेही हाच कित्ता गिरविला. आधी सगळा आराखडा, मग सगळे लेखन आणि अगदी शेवटी तपासणी. १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी या उतरंडीचे चित्र काढले, तेव्हा ही रीत धोक्याची आहे असा इशारा त्यांनी त्याच लेखात दिला होता. धंद्याने चित्र उचलले आणि इशारा सोडून दिला. १९७९ साली ग्लेनफोर्ड मायर्स यांचे तपासणीवरचे पुस्तक आले. आज्ञावलीकाराने स्वतःची आज्ञावली स्वतः तपासण्याचे टाळावे, असे त्यात सांगितले आहे. त्यात तथ्य आहेच. आपल्या लेखातली चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही. पण त्या तत्त्वाचा वापर व्यवहारात असा झाला, की लिहिणाऱ्याच्या हातातले गेज काढून घेतले गेले. तपासणी दूरच्या खात्यात गेली. आणि तारीख जवळ आली की पहिली कात्री लागे ती शेवटच्या खात्याला.

याची किंमत किती भयंकर असू शकते, ते थेरॅक-२५ या यंत्राने दाखविले. कर्करोगाच्या रुग्णांना किरणोपचार देणारे हे कॅनडात बनलेले यंत्र. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडातील सहा रुग्णांना त्यातून प्रमाणाबाहेर प्रचंड मात्रा बसली, आणि त्यांतील काही दगावले. आधीच्या नमुन्यांत धोका अडविणारे यांत्रिक अडसर होते. या नमुन्यात ते काढून भिस्त आज्ञावलीवर ठेवली होती. पुढे नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या प्रकरणाची छाननी प्रसिद्ध केली. आज्ञावलीच्या सुट्या भागांची चाचणी अगदी थोडी झाली होती आणि बहुतेक भर संपूर्ण यंत्राच्या एकत्रित चाचणीवर होता, असे त्यात नमूद आहे. आणि दोष उघडकीस आला तो कसा? टेक्सासमधील एका रुग्णालयात यंत्र चालविणारी बाई सरावाने फार जलद टंकलेखन करू लागली होती. चुकीचे अक्षर आठ सेकंदांच्या आत दुरुस्त केले की यंत्राचा गोंधळ उडे. तेथील पदार्थवैज्ञानिकाने आणि तिने मिळून, पुन्हा पुन्हा प्रयत्न करून, तो दोष हुकमी घडवून दाखविला. निर्मात्यांना जे सापडले नव्हते ते काम करणाऱ्या हातांनी सापडवून दिले. हातांचा वेग हा त्या बाईचा दोष नव्हता. जलद हातांसाठी कोणी माप लिहिले नव्हते, हा दोष होता.

आता पद्धत परत कशी आली ते पाहू. केंट बेक नावाचे अमेरिकन आज्ञावलीकार. लहानपणी एका जुन्या पुस्तकात त्यांनी वाचले होते, की यंत्राला द्यावयाची फीत घ्यावी, अपेक्षित उत्तराची फीत हाताने टंकित करावी, आणि दोन्ही उत्तरे जुळेपर्यंत आज्ञावली लिहावी. ते स्वतः म्हणतात, की आपण काही शोधून काढले नाही, जुने पुन्हा सापडविले. १९८९ च्या सुमारास त्यांनी स्मॉलटॉक या संगणकभाषेसाठी चाचण्या आपोआप चालविणारे छोटेसे साधन तयार केले. १९९६ साली त्यांना क्रायस्लर या मोटार कंपनीत बोलावणे आले. काम कोणते? पगारपत्रकाचे! वेगवेगळ्या जुन्या पगार-आज्ञावलींच्या जागी एकच नवी आणावयाची होती. काम काही वर्षे रखडले होते. तोवरचे सगळे लेखन टाकून देऊन नव्याने आरंभ झाला. एकेका लहान भागाची चाचणी लिहिणाऱ्यानेच लिहावयाची, सगळ्या चाचण्या रोज चालवावयाच्या आणि त्या सर्व पास झाल्याशिवाय नवे लेखन आत घ्यावयाचे नाही, अशी शिस्त बसली. मे १९९७ मध्ये मासिक पगाराच्या सुमारे १०,००० कर्मचाऱ्यांचा पगार नव्या पद्धतीने निघू लागला.

पूर्ण हकीकत सांगावयाची तर हेही सांगितले पाहिजे, की उद्दिष्ट ८७,००० जणांचे होते आणि ते गाठले गेले नाही. डाइमलरशी विलीनीकरण झाल्यानंतर, २००० सालच्या आरंभी, ते काम थांबविण्यात आले. योजना संपली, पण शिस्त उरली. १९९७ सालीच बेक आणि एरिक गामा यांनी झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात बसून जावा भाषेसाठी जेयुनिट हे साधन लिहिले. ते फुकट उपलब्ध झाले आणि पाहता पाहता इतर भाषांतही त्याची भावंडे निघाली. २००२ साली बेक यांचे या पद्धतीवरचे पुस्तक आले. तीन पायऱ्या त्यात सांगितल्या आहेत. आधी चाचणी लिहा. अर्थात ती नापास होईल आणि पडद्यावर लाल पट्टी दिसेल. मग ती पास होण्यापुरतेच लिहा, म्हणजे पट्टी हिरवी होईल. मग हिरवी राखून लेखन नीटनेटके करा. लाल, हिरवे, सफाई. आमच्या गिरण्यांत साच्यावर काम केलेल्या जुन्या विणकरांना मी हे समजावून सांगितले, तेव्हा त्यांना ते लगेच उमगले. जपानच्या टोयोडा यांनी १९२४ साली जो माग काढला, तो धागा तुटताच आपोआप थांबत असे. धागा तुटला तरी माग चालतच राहिला, तर खराब कापड वारावारी वाढत जाते, आणि दंड विणकराच्या माथी बसतो. थांबणारा माग त्याला वाचवितो.

या पद्धतीवर आक्षेप आहेत, आणि ते गंभीर आहेत. पहिला वेळेचा. २००८ साली आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट येथील चार गटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चाचणी आधी लिहिणाऱ्या गटांत, तशाच इतर कामांच्या तुलनेने, माल बाहेर पडण्यापूर्वीच्या दोषांचे प्रमाण ४० ते ९० टक्क्यांनी कमी आढळले. पण सुरुवातीच्या कामाला १५ ते ३५ टक्के वेळ जास्त लागला, असे गटप्रमुखांचे अनुमान होते. म्हणजे फुकट काहीच नाही. हा जादा वेळ कोणाच्या पदरचा, हा प्रश्न मी युनियनवाला म्हणून विचारणारच. मालकाने तो तारखेत धरला नाही, तर तो आज्ञावलीकाराच्या झोपेतून जातो, नाही तर चाचण्याच गळतात. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. चाचणीने दोष आहे हे दाखविता येते, दोष मुळीच नाही हे दाखविता येत नाही, असे एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६९ सालीच बजावले होते. ज्या प्रसंगाचा विचारच सुचला नाही त्याचे माप लिहिले जात नाही. रात्रपाळीत ज्याने कधी पाऊल टाकले नाही, त्याला मध्यरात्रीची चाचणी सुचेल कशी?

म्हणूनच मापे लिहिताना ज्याचा पगार आहे त्याचा आवाज त्यात आला पाहिजे. तो न आल्यास काय होते, याचा मोठा धडा कॅनडाच्या सरकारने दिला. तेथील केंद्र सरकारच्या सुमारे २,९०,००० कर्मचाऱ्यांसाठी फीनिक्स नावाची पगार-आज्ञावली २०१६ च्या फेब्रुवारी व एप्रिल अशा दोन टप्प्यांत चालू झाली. तत्पूर्वीच ४६ खात्यांतील पगाराचे काम पाहणाऱ्या १,२०० जणांच्या जागा काढून मिरामिची या गावी ५५० जणांचे केंद्र केले होते. महालेखापरीक्षकांनी २०१८ साली जो अहवाल दिला, त्यात कारणे स्पष्ट लिहिली आहेत. खर्च मंजुरीबाहेर जाईल असे दिसताच काही कामे आज्ञावलीतून वगळली गेली, आणि मागील बाकी देण्याचे काम त्यांतच होते. एका खात्यात प्रायोगिक चालवून पाहावयाचे ठरले होते, ते रद्द केले. पूर्ण चाचणी न होताच बटण दाबले गेले. परिणाम असा, की लाखो माणसांना कमी, जास्त, उशिरा किंवा मुळीच पगार न मिळण्याचा अनुभव आला. ज्या जाणत्या लोकांना नियमांतल्या खाचाखोचा पाठ होत्या, ते आधीच घरी गेले होते. तेथील कर्मचारी संघटनेला भरपाईचा करार मिळविण्यास २०२० साल उजाडले.

आपल्याकडेही १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळातील कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध लढा दिला. यंत्र नोकरी खाईल, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. परंतु यंत्र आले तर त्याचे माप कोण ठरविणार, हा दुसरा प्रश्न आम्ही चळवळीतल्या लोकांनी पुरेसा लावून धरला नाही. आज पुण्या-मुंबईत आज्ञावली लिहिणारी हजारो मुले-मुली आहेत. त्यांतल्या काहींशी मी बोलतो. चाचणी आधी लिहावी हे त्यांना चांगले ठाऊक असते. तारीख ठरविण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसतो, एवढेच. त्यांची ही अडचण आणि पगारपावती हातात घेऊन उभ्या असलेल्या कामगाराची अडचण एकच आहे, हे दोघांनाही समजणे आवश्यक आहे.

एका कारखान्यात आम्ही यावर एक साधा उपाय करून पाहिला. तेथे नव्या आज्ञावलीने अर्ध्या तासाचे जादा काम चार महिने गिळले होते. वेतनकराराची बोलणी झाली, तेव्हा आम्ही शेवटी एक परिशिष्ट जोडावयास लावले. त्यात बारा उदाहरणे, रकमेसह, हाताने सोडविलेली: अर्धा तास, मध्यरात्र, सुट्टीच्या दिवशीचे काम, महिन्याच्या मध्यात बढती, मागील बाकी. उदाहरणे पाळीवरच्या कामगारांनीच सुचविली. पगाराची आज्ञावली बदलली की ही बारा उदाहरणे तिच्यावर चालवावयाची आणि निकाल सूचनाफलकावर लावावयाचा, असे कलम घातले. आज्ञावली लिहिणाऱ्या मुलाने ती उदाहरणे आनंदाने घेतली; नियम काय आहे हे त्याला तोवर कोणी इतके स्पष्ट सांगितलेच नव्हते. पहिल्याच वेळी बारांपैकी तीन चुकली, आणि ती पगाराच्या तारखेआधी दुरुस्त झाली.

हे कोणत्याही कामगार संघटनेला, कोणत्याही पतपेढीला, कोणत्याही सहकारी सोसायटीला करता येण्यासारखे आहे. त्याला संगणकशास्त्र लागत नाही. आपल्या हक्काचे दहा-बारा प्रसंग, त्यांची बरोबर उत्तरे, आणि ती आधी लिहून ठेवण्याचा आग्रह एवढेच लागते. येथून घरी गेल्यावर आपापली शेवटची पगारपावती किंवा पेन्शनचा कागद काढा, आणि एक उदाहरण स्वतः हाताने सोडवून पाहा. उत्तर जुळले तर चांगलेच आहे. न जुळले तर तो कागद जपून ठेवा आणि आपल्या संघटनेकडे घेऊन या. पहिले माप तयार झाले आहे असे समजा.